परदेशी निघालात? आरोग्य विमा घेण्याआधी मोकळे दिवस मोजा

जळगावहून दुबईला, धुळ्याहून जर्मनीला किंवा शिरपूर-चोपड्याकडून अमेरिकेला निघणाऱ्याची तयारी बहुतेक एकाच क्रमाने होते. व्हिसा, तिकीट, बॅगा, पापड-कुरडया, आणि सगळ्यात शेवटी विमा. तोही 'कंपनी देते ना' एवढ्यावर सोडून दिला जातो. कंपनी देते हे खरं. पण कोणत्या तारखेपासून देते, कोणत्या दवाखान्यात चालतो, बायको-मुलं त्यात आहेत का, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) गावी आल्यावर आजारपण आलं तर काय, आणि नोकरी सुटते त्या दिवशी त्या विम्याचं काय होतं, हे पाच प्रश्न शिल्लकच राहतात. माणसाच्या खिशातून मोठी रक्कम जाते ती याच पाच जागी. म्हणून इथे हप्त्याची तुलना मागे ठेवली आहे आणि तारखा पुढे घेतल्या आहेत.

पायरी १: एका कागदावर तारखा लिहा

घर सोडण्याचा दिवस, तिथे उतरण्याचा दिवस, कामावर रुजू होण्याचा दिवस, विमा सुरू होण्याचा दिवस. नंतर कुटुंब येण्याची तारीख, वर्षाची सुटी, आई-वडील भेटीला येणार असतील तो काळ, करार संपण्याची तारीख. आता प्रत्येक दोन तारखांच्या मध्ये 'या दिवसांत दवाखान्याचं बिल कोण भरणार?' असं विचारा. उत्तर येत नाही ते मोकळे दिवस. त्यांच्यासाठी वेगळी सोय लागते.

सगळ्यात नेहमीची मोकळी जागा म्हणजे उतरल्यापासून पहिल्या विम्यापर्यंतचे दिवस. आखाती देशांत रहिवासी परवाना होईपर्यंत काही आठवडे जाऊ शकतात. अमेरिकेतल्या काही कंपन्यांचा विमा रुजू झाल्याच्या पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून लागतो. या दिवसांसाठी इथूनच ३० ते ६० दिवसांची प्रवास पॉलिसी घेऊन ठेवा. मात्र परतीचं तिकीट नसलेल्या माणसाला ती चालते का, हे विकत घेण्याआधी लेखी विचारा. बऱ्याच प्रवास पॉलिसी फिरून परत येणाऱ्यासाठी लिहिलेल्या असतात. शिवाय त्यात अचानक आलेलं आजारपण आणि अपघात धरतात. चालू असलेल्या मधुमेहाच्या गोळ्या किंवा तपासण्या धरत नाहीत.

आखातातल्या बऱ्याच देशांसाठी 'वाफिद' (आखाती देशांची वैद्यकीय तपासणीची ऑनलाइन व्यवस्था) मार्फत मेडिकल करावी लागते. छातीचा एक्स-रे, रक्ताच्या तपासण्या पास झाल्या की काही जण विम्याचं कामही झालं असं समजतात. ती तपासणी तुम्हाला देशात येऊ द्यायचं की नाही यासाठी असते. दवाखान्याच्या बिलाशी तिचा काही संबंध नाही.

पायरी २: आजारांचा कागद खान्देशातच तयार करा

'माले काय व्हस, मी धडधाकट शे' म्हणणाऱ्या पंचविशीतल्या पोरालाही ही पायरी टाळता येत नाही. विम्याच्या अर्जात आधीपासूनच्या आजारांचा रकाना असतो, आणि क्लेम नाकारला जातो तो बहुतेक या रकान्यातल्या 'नाही' मुळे. रक्तदाब, साखर, थायरॉइड, दमा, जुनं ऑपरेशन, उन्हाळ्यात झालेला मुतखडा, सगळं लिहा. मुतखडा तर हमखास विसरला जातो, कारण दोन दिवस सलाईन लावलं, खडा पडला, विषय संपला. पुढे परदेशात पुन्हा दुखलं की सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'पूर्वीही त्रास झाला होता' अशी नोंद होते, आणि कंपनी अर्ज काढून बघते.

नंदुरबार आणि धुळे जिल्ह्यातल्या आदिवासी भागातल्यांसाठी एक गोष्ट खास सांगायची आहे. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी झालेली नसेल तर निघण्याआधी करून घ्या, आणि साध्या चाचणीवर न थांबता एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिसचा रिपोर्ट घ्या. त्यात 'एएस' म्हणजे वाहक आणि 'एसएस' म्हणजे रुग्ण, हा फरक स्पष्ट लिहिलेला असतो. अर्जात नुसतं 'सिकलसेल' लिहिलं तर वाहकालाही रुग्ण समजून हप्ता वाढवला जाऊ शकतो किंवा अर्जच परत येऊ शकतो. जो खरोखर रुग्ण आहे त्याने तर हे लपवूच नये. वेदनेचा झटका आला की पहिल्याच रक्ततपासणीत ते दिसतं.

सोबत नेण्याची फाइल अशी लावा: मागच्या पाच वर्षांतली डिस्चार्ज कार्डं, शेवटचे रिपोर्ट, चालू औषधांची चिठ्ठी, चष्म्याचा नंबर, लसींची नोंद. औषधाचं नाव कंपनीच्या ब्रँडने न लिहिता मूळ नावाने, इंग्रजीत, डॉक्टरांच्या नोंदणी क्रमांकासह लिहून घ्या. इथला ब्रँड तिथल्या फार्मसीला कळणार नाही. संयुक्त अरब अमिरातीत ट्रॅमाडॉल, कोडीन असलेली औषधं नियंत्रित यादीत आहेत. खोकल्याची बाटली किंवा दुखण्याची गोळी बॅगेत टाकण्याआधी तिच्यातला घटक वाचा आणि लागणारच असेल तर तिथल्या सरकारची ऑनलाइन परवानगी आधी काढा.

नावाचंही बघा. आपल्याकडे वडिलांचं नाव मधे असतं. पासपोर्टमध्ये ते पहिल्या नावाला जोडून येतं. विम्यावर एक नाव, पासपोर्टवर दुसरं, आणि दवाखान्याच्या बिलावर तिसरं असलं की क्लेम अडकतो. विम्याचा अर्ज पासपोर्ट समोर ठेवून, अक्षर न अक्षर जुळवून भरा.

दात आणि डोळे मात्र जाण्याआधी जळगाव-धुळ्यातच करून घ्या. साध्या विम्यात ते बहुतेक नसतात.

पायरी ३: देशाचा नियम काय म्हणतो

आखात. दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर (ठरलेल्या देशांत कामाला जाण्याआधी सरकारी परवानगी लागेल असा शेरा) असतं. अशा माणसाने आखातासह ठरलेल्या १८ देशांत कामाला जाताना प्रवासी भारतीय बिमा योजना घेणं बंधनकारक आहे. हप्ता दोन वर्षांना २७५ रुपये, तीन वर्षांना ३७५ रुपये. अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाला १० लाख रुपये मिळतात. दवाखान्यात भरती व्हावं लागलं तर एकूण १ लाख, पण एका वेळेला ५० हजारांपर्यंतच. म्हणजे ही मुख्यतः अपघाताची पॉलिसी आहे. एजंटाने हिचाच कागद दाखवून 'तुमचा मेडिकल विमा झाला' म्हटलं तर मालकाकडून मिळणाऱ्या विम्याचा कागद वेगळा मागा.

दुबईत २०१३ च्या कायदा क्रमांक ११ नुसार कामगाराचा विमा मालकाने काढायचा, आणि त्याचे पैसे पगारातून कापायचे नाहीत. शारजा, अजमान आणि उत्तरेकडच्या अमिरातींत १ जानेवारी २०२५ पासून खासगी नोकरदार आणि घरकामगारांना विमा सक्तीचा झाला. त्यातलं मूळ पॅकेज वर्षाला ३२० दिरहमचं आहे. दुबईत ४,००० दिरहम किंवा त्याहून कमी पगाराच्या लोकांसाठी जो मूळ प्लॅन असतो, त्याची वर्षाची मर्यादा १ लाख ५० हजार दिरहम आहे. त्यात आधी साध्या डॉक्टरकडे जावं लागतं, तो पाठवेल तेव्हाच स्पेशालिस्ट. आणि नव्याने आलेल्याला आधीपासूनच्या आजारांसाठी सहा महिने थांबावं लागतं, तातडीची वेळ सोडून. मधुमेहाच्या माणसाने निदान सहा महिन्यांच्या औषधांचा हिशेब धरून पैसे ठेवावेत.

आता विम्याचं कार्ड किंवा ॲपमधलं पान हातात घ्या आणि ओळ न ओळ वाचा. 'नेटवर्क' च्या ओळीत जे नाव आहे ती दवाखान्यांची यादी असते. एकाच विमा कंपनीच्या चार-पाच याद्या असतात, आणि स्वस्त यादीत मोठं हॉस्पिटल नसतं. म्हणून 'ही कंपनी चालते का?' असं काउंटरवर विचारू नका. नेटवर्कचं नाव दाखवून विचारा. 'ओपी' म्हणजे भरती न होता दाखवणं, 'आयपी' म्हणजे भरती. ओपीपुढे २०% लिहिलं असेल तर दर भेटीला पाचवा हिस्सा तुमचा. त्यापुढे कमाल रक्कम लिहिलेली असली तर उत्तम. नसली तर महागड्या एमआरआयचाही पाचवा हिस्सा भरावा लागेल. 'फार्मसी' ची वर्षाची मर्यादा वेगळी असते, ती संपली की औषधं रोखीने. 'मॅटर्निटी' ची ओळ लग्न झालेल्यांनी पहिल्यांदा वाचावी. आणि 'टेरिटरी' पुढे फक्त यूएई लिहिलं असेल, तर सुटीत जळगावला झालेलं ॲपेंडिक्सचं ऑपरेशन त्यात येणार नाही.

दुबईत बायको-मुलांचा विमा काढण्याची जबाबदारी त्यांना स्पॉन्सर करणाऱ्याची, म्हणजे तुमची. मालकाला तो देण्याची सक्ती नाही. पगार ठरवतानाच हे बोलून घ्या. सौदीत मालकाने कामगारासोबत त्याच्यावर अवलंबून असलेल्यांचाही विमा द्यायचा असतो.

जर्मनी. इथे निवड आयुष्यभर पुरते, म्हणून घाई करू नका. सरकारी पद्धतीच्या विम्यात (टीके, एओके, बार्मर वगैरे) पगाराच्या १४.६% आणि त्यावर थोडी जादा वर्गणी जाते, अर्धी मालक भरतो. कमाई नसलेला जोडीदार आणि मुलं त्याच वर्गणीत फुकट येतात. २०२६ साठी वर्षाला ७७,४०० युरोपेक्षा जास्त पगार असेल तरच नोकरदाराला खासगी विमा घेता येतो. तरुण, एकट्या माणसाला तो स्वस्त पडतो, आणि दलाल नेमकं तेच दाखवतात. पुढे लग्न झालं की बायकोचा आणि प्रत्येक मुलाचा हप्ता वेगळा. परत सरकारीत येणं अवघड, ५५ वर्षांनंतर जवळजवळ बंदच. कुटुंब न्यायचं असेल तर आमचं मत सरळ आहे: सरकारीच घ्या. विद्यार्थ्यांना तिशीपर्यंत सवलतीची वर्गणी लागते. पण एकदा खासगी घेण्यासाठी सूट मागितली की शिक्षण संपेपर्यंत परत येता येत नाही. पहिल्या वर्षी काही युरो वाचतात म्हणून त्या फॉर्मवर सही करू नका. विद्यापीठात नोंदणी होण्याआधीच्या दिवसांना इथूनच छोटी पॉलिसी लागते.

ब्रिटन. सहा महिन्यांहून मोठ्या व्हिसाला आरोग्य अधिभार व्हिसासोबतच, सगळ्या वर्षांचा एकदम भरावा लागतो. मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड, विद्यार्थी आणि १८ वर्षांखालच्यांना ७७६ पौंड. पाच वर्षांसाठी नवरा-बायको आणि एक मूल धरलं तर १४,२३० पौंड. हा आकडा कुटुंब सोबत घेऊन निघणाऱ्याने आधीच हिशेबात धरावा, कारण तो तिकिटापेक्षा कितीतरी मोठा आहे. नर्स आणि इतर आरोग्य कर्मचाऱ्यांना त्यांच्या वेगळ्या व्हिसावर हा अधिभार माफ आहे. पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात जवळच्या जीपीकडे (तिथला फॅमिली डॉक्टर) नाव नोंदवा, आजारी पडायची वाट बघू नका.

अमेरिका. इथे चार शब्द कळले की बिल कळतं. डिडक्टिबल म्हणजे विमा कंपनी पैसे द्यायला लागण्याआधी वर्षात तुम्ही भरायची रक्कम. को-पे म्हणजे भेटीला ठरलेले पैसे. को-इन्शुरन्स म्हणजे त्यानंतरचा टक्क्यातला वाटा. आणि आउट-ऑफ-पॉकेट मर्यादा म्हणजे वर्षात तुमच्या खिशातून जाणारी शेवटची हद्द. २०२६ साठी एका माणसाची कायद्याने कमाल हद्द १०,६०० डॉलर आहे. समजा ऑपरेशनचं मान्य बिल ३०,००० डॉलर, डिडक्टिबल २,०००, को-इन्शुरन्स २०% आणि हद्द ६,०००. आधी तुमचे २,०००. उरलेल्या २८,००० चे २०% म्हणजे ५,६००. बेरीज ७,६००, पण हद्द ६,००० वर येऊन थांबते. म्हणून दोन प्लॅनची तुलना करताना वर्षभराचा हप्ता अधिक ही हद्द, अशी बेरीज मांडा. तो तुमचा सगळ्यात वाईट वर्षाचा खर्च. महिन्याचा हप्ता कमी दिसणारा प्लॅन या बेरजेत बरेचदा महाग निघतो.

हे सगळं नेटवर्कमधल्या दवाखान्याला लागू. १ जानेवारी २०२२ पासून तातडीच्या उपचारात नेटवर्कबाहेरच्या हॉस्पिटलचं वाढीव बिल तुमच्यावर टाकता येत नाही, पण रस्त्यावरची ॲम्ब्युलन्स या संरक्षणात नाही. ताप, पाय मुरगळणं, छोटी जखम यासाठी इमर्जन्सी रूमऐवजी अर्जंट केअरमध्ये (किरकोळ तातडीसाठीच्या दवाखान्यात) जा. खर्चात फार मोठा फरक पडतो. मूल जन्मलं की ३० दिवसांत त्याचं नाव कंपनीच्या विम्यात टाका, नाहीतर वर्षअखेरच्या नोंदणीपर्यंत थांबावं लागू शकतं. जे-१ (देवाणघेवाण कार्यक्रमाच्या) व्हिसावर प्रत्येक आजाराला किमान १ लाख डॉलरचं कव्हर हवं आणि डिडक्टिबल ५०० डॉलरच्या वर चालत नाही. एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) च्या मुलांना विद्यापीठ आपला प्लॅन देतं; बाहेरचा स्वस्त प्लॅन घेऊन त्यातून सुटायचं असेल तर आधी विद्यापीठाची अटींची यादी घ्या आणि मगच प्लॅन शोधा.

पायरी ४: स्वतः विकत घ्यायची वेळ आली तर

स्वतंत्र काम करणारे, किंवा कंपनीचा विमा अपुरा असणारे, आंतरराष्ट्रीय पॉलिसीकडे वळतात. 'अमेरिका सोडून जगभर' हा प्रकार अमेरिकेसह असलेल्यापेक्षा बराच स्वस्त पडतो, तेव्हा अमेरिकेला जाणार नसाल तर अमेरिकेसह असलेली घेऊच नका. आजार तपासण्याच्या दोन पद्धती असतात. एकात सगळा इतिहास आधी विचारतात आणि काय चालणार, काय नाही, ते लिहून देतात. दुसऱ्यात आधी काही विचारत नाहीत. साधारणपणे मागच्या पाच वर्षांतले आजार पहिले २४ महिने बाहेर ठेवतात, आणि क्लेमच्या वेळी कागद मागतात. पहिली पद्धत त्रासाची वाटते, पण उत्तर आधीच हातात येतं. तीच घ्या. बाळंतपणाला बहुतेक दहा-बारा महिने किंवा त्याहून जास्त थांबावं लागतं, म्हणून दिवस राहिल्यावर पॉलिसी शोधून उपयोग नाही. आणि मृतदेह मायदेशी पोहोचवण्याचं कलम वाचा: खर्च मुंबई विमानतळापर्यंतच आहे, की नंदुरबार-जळगावच्या घरापर्यंत? हे विचारायला जड जातं, तरी विचाराच.

पायरी ५: गावाकडची पॉलिसी बंद करू नका

ही चूक सगळ्यात जास्त होते आणि सगळ्यात महाग पडते. परदेशी निघताना 'आता इथे कशाला' म्हणून भारतातली पॉलिसी सोडून देतात. विमा नियामकाच्या २०२४ च्या नियमांनुसार आधीपासूनच्या आजारांसाठी थांबायचा काळ जास्तीत जास्त ३६ महिने आहे, आणि सलग ६० महिने झाल्यावर, फसवणूक सोडली तर, माहिती लपवल्याच्या कारणाने क्लेम नाकारता येत नाही. पॉलिसी तुटली की ही दोन्ही घड्याळं शून्यावर येतात. पन्नाशीला साखर घेऊन परत आलेल्या माणसाला ती तीन वर्षं पुन्हा मोजावी लागतात. वार्षिक हप्ता भरायला तारीख उलटल्यावर ३० दिवसांची मुदत असते. तरीही बँकेतून आपोआप हप्ता जाईल अशी सोय करून मगच विमानात बसा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी लागत नाही. परदेशात राहायला गेल्याचं कंपनीला कळवा.

सुटीत इथे उपचार घेतले आणि तिथल्या पॉलिसीत भारत येत असला, तर पैसे बहुतेक आधी तुम्ही भरायचे आणि नंतर मागायचे. त्यासाठी मूळ बिलं, पैसे भरल्याच्या पावत्या, इंग्रजीतलं डिस्चार्ज कार्ड, रिपोर्ट, आणि प्रत्येक कागदावर हॉस्पिटलचा शिक्का व नोंदणी क्रमांक लागतो. छोट्या दवाखान्यात कच्च्या चिठ्ठीवर पैसे घेतात. ती चिठ्ठी क्लेमला चालत नाही. डिस्चार्जच्या दिवशीच पक्कं बिल घ्या. दुबईत बसून ते मागवणं फार अवघड होतं.

पायरी ६: आई-वडील

तुम्ही परदेशी गेल्यावर खरी काळजी त्यांचीच असते. वडील किंवा आई सत्तरीच्या पुढे असतील तर आयुष्मान वय वंदना कार्ड आधी काढा. आधारवरचं वय पुरतं, उत्पन्नाची अट नाही, आणि कुटुंबातल्या सत्तरीच्या पुढच्यांना मिळून वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. त्यावर खासगी पॉलिसी घेताना दोन गोष्टी बघा. पहिली, झोन. जळगावच्या पत्त्यावर हप्ता कमी लागतो, पण काही पॉलिसींत मुंबईला उपचार घेतले की ठरलेला टक्का तुम्हाला भरावा लागतो. आपल्याकडचा मोठा रुग्ण नाशिक, छत्रपती संभाजीनगर किंवा मुंबईलाच नेला जातो, म्हणून हे कलम नसलेली पॉलिसी घ्या. दुसरी, खोलीभाड्याची मर्यादा. मर्यादा दिवसाला ४,००० आणि खोली ८,००० ची घेतली, तर भाड्यातला फरक तर जातोच, शिवाय डॉक्टर, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग यांचं १ लाख २० हजारांचं बिल असेल तर त्यातलेही निम्मेच मंजूर होतात. औषधं आणि तपासण्यांना ही कात्री लागत नाही. घरात जो कोणी दवाखान्यात सोबत जाणार, त्याला ही मर्यादा पाठ करून ठेवायला सांगा.

ते तुमच्याकडे भेटीला येणार असतील तर देशाप्रमाणे बघा. युरोपच्या शेंगेन व्हिसाला किमान ३० हजार युरोचं कव्हर लागतं. कॅनडाच्या सुपर व्हिसाला किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचं, एक वर्षाचं. अमेरिकेसाठी दोन प्रकार विकले जातात. ठरावीक रकमेचा प्लॅन प्रत्येक उपचाराला यादीतली रक्कमच देतो, आणि ती तिथल्या बिलापुढे फार थोडी असते. सर्वसमावेशक प्लॅन महाग, पण तोच घ्या. त्यात 'ॲक्यूट ऑनसेट' चं कलम असतं: जुना आजार अचानक, पूर्वसूचना न देता उफाळला आणि २४ तासांत उपचार घेतले, तरच पैसे. छातीत कळ आल्यावर 'सकाळी बघू' म्हणून थांबलं तर ते कलम हातातून जातं. सत्तरीनंतर या कलमाची रक्कम बऱ्याच प्लॅनमध्ये कमी होते किंवा ते काढूनच टाकलेलं असतं.

पायरी ७: नोकरी सुटताना

राजीनामा देण्याआधी एचआरला एकच ओळ लिहून विचारा: माझा आणि कुटुंबाचा विमा नेमक्या कोणत्या तारखेला संपतो? अमेरिकेत कोब्रा नावाच्या कायद्याखाली साधारण १८ महिने तोच विमा स्वतःच्या पैशाने चालू ठेवता येतो. निवडायला ६० दिवस मिळतात, आणि मागचे हप्ते भरले की कव्हर मागच्या तारखेपासून लागतं. हप्ता मोठा असतो, तरी घरात गरोदर बाई किंवा चालू उपचार असतील तर तो सोडू नका. आखातात व्हिसा रद्द झाला की विमाही जातो. नवा मालक मिळेपर्यंतच्या दिवसांना छोटी पॉलिसी घ्या, किंवा तपासण्या, औषधांचा साठा जुना विमा चालू असतानाच करून ठेवा.

शेवटचं काम घरी करायचं. पॉलिसी क्रमांक, विमा कंपनीचा चोवीस तासांचा फोन, मालकाच्या ऑफिसातला एक नंबर, तिथल्या भारतीय दूतावासाचा नंबर आणि पासपोर्टची प्रत, एवढं एका कागदावर लिहून भावाकडे किंवा बहिणीकडे द्या. फोनमधला फोटो पुरत नाही. तुम्ही तिकडे बेशुद्ध असाल तेव्हा तुमचा फोन कुलूपबंद असतो, आणि इकडे रात्री दोन वाजता कोणाला तरी तो नंबर लावायचा असतो.